नैतिक पेचाचा अभ्यास कसा करावा : कोकणातल्या दवाखान्यांसाठी एक पद्धत

आरोग्य केंद्रात नैतिक प्रश्न रोज समोर येतात आणि बहुतेक वेळा घाईतच निस्तरले जातात. रात्रीची ड्युटी असते, १०८ दारात उभी असते, मुंबईहून मुलाचा फोन चालू असतो. अशा वेळी नीट सुचावं असं वाटत असेल तर विचार आधीच, सवडीने करून ठेवावा लागतो. पुढची पद्धत वैद्यकीय अधिकारी, सिस्टर, आशाताई, समुपदेशक आणि नर्सिंग-मेडिकलचे विद्यार्थी यांनी एकत्र बसून प्रकरणं अभ्यासण्यासाठी आहे. एकट्यानेही करता येते, पण मग विरुद्ध बाजू स्वतःच प्रामाणिकपणे मांडावी लागते आणि ते अवघड जातं.

आधी ठरवा : हा खरंच पेच आहे का?

ज्याला आपण सरसकट ‘नैतिक प्रश्न’ म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या पहिल्या पाच मिनिटांत सुट्या केल्या नाहीत तर पुढची चर्चा भरकटते.

पहिली गोष्ट म्हणजे खरा पेच. दोन्ही बाजूंना खरं कर्तव्य असतं आणि एक पाळलं की दुसरं मोडतं. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची गुप्तता राखायची आणि त्याच्या पत्नीचा जीवही सांभाळायचा, हे त्याचं उदाहरण.

दुसरी म्हणजे मोह. काय बरोबर आहे हे माहीत असतं, पण चुकीचं करण्यात फायदा असतो. सोनोग्राफीला पाठवल्याबद्दल ‘कट’ घ्यावा की नाही, हा पेच नाही. तो अभ्यासाला घेऊच नये. तासभर चर्चा केली की त्या व्यवहाराला उगाच प्रतिष्ठा मिळते.

तिसरी म्हणजे घुसमट. योग्य काय ते कळतं, पण यंत्रणा किंवा वरिष्ठ ते करू देत नाहीत. १९८४ मध्ये अँड्र्यू जेमटन यांनी परिचारिकांच्या कामाबद्दल लिहिताना ही गोष्ट पेचापासून वेगळी काढली. भूलतज्ज्ञ नाही म्हणून बाळंतिणीला घाटरस्त्याने कोल्हापूरला पाठवावं लागतं, तेव्हा सिस्टरच्या मनात जे चालतं ते हेच. घुसमटीवर उपाय शोधायचा तो पदभरती, औषधसाठा आणि लेखी तक्रार यांत. तिला पेच समजून चर्चेला घेतलं, तर यंत्रणेचा दोष सिस्टरच्या सदसद्विवेकावर लादला जातो.

गट कसा जमवावा

सहा ते आठ माणसं पुरेत. दहाच्या वर गेली की दोघं-तिघंच बोलतात. एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक आशाताई, जमल्यास समुपदेशक किंवा औषधनिर्माता आणि आरोग्य खात्याबाहेरचं एक माणूस असावं. निवृत्त शिक्षिका, पोस्टमन, बचतगटाच्या ताई, कोणीही चालेल. बाहेरचं माणूस शोभेसाठी घेऊ नये. ‘नातेवाईकांनी सहकार्य केलं नाही’ असं कोणी म्हटलं की ‘म्हणजे नक्की काय केलं?’ हे विचारायचं काम त्याचं.

महिन्यातून एकदा नव्वद मिनिटं आणि एका बैठकीत एकच प्रकरण. भाताची लावणी, गणपती आणि शिमगा यांच्या आठवड्यांत बैठक ठेवू नये, आशाताई येऊ शकत नाहीत.

बोलायचा क्रम ठरलेलाच असावा : सर्वांत कनिष्ठ आधी, सर्वांत वरिष्ठ शेवटी. वैद्यकीय अधिकाऱ्याने पहिलं मत दिलं की बाकीचे माना डोलावतात आणि बैठक वीस मिनिटांत आटोपते. अध्यक्षाने मत देऊ नये. त्याने प्रश्न विचारावेत, वेळ पाळावा आणि जो गप्प आहे त्याला बोलतं करावं.

गुप्तता : गावात नाव बदलून भागत नाही

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नाव झाकलं की रुग्ण ओळखू येत नाही. कोकणात तसं नसतं. आडनाव बरेचदा गावावरूनच आलेलं असतं, त्यातून वाडी आणि जात कळते. ‘बंदराकडची, तिसऱ्यांदा गरोदर, नवरा ट्रॉलरवर’ एवढं ऐकलं की अर्धा गट मनातल्या मनात घर ओळखतो.

म्हणून प्रकरण लिहिताना तालुका, वाडी आणि आडनाव गाळावं. वय तीन-चार वर्षांनी मागंपुढं करावं. व्यवसायाचा पेचाशी संबंध नसेल तर तो बदलावा. ताजं प्रकरण घेऊ नये, निदान सहा महिने जाऊ द्यावेत. दोन खऱ्या प्रकरणांची गुंफण करून तिसरं तयार केलं तर आणखी बरं. कागद बैठकीत वाटावा, संपल्यावर परत घ्यावा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा नाही, ही अट पहिल्याच दिवशी सर्वांकडून कबूल करून घ्यावी. इतकं करूनही रुग्ण ओळखू येत असेल तर ते प्रकरण सोडून द्यावं.

प्रकरण लिहावं कसं

एक पान, अडीचशे-तीनशे शब्द. यात येणारं : आजार आणि त्याची आजची अवस्था, कोणते उपचार शक्य आहेत आणि ते कुठे मिळतात, रुग्ण स्वतः काय म्हणाला, घरचे काय म्हणाले, निर्णय कधीपर्यंत घ्यायला हवा. शेवटी लिहिणाऱ्याला कशाने अडल्यासारखं झालं त्याबद्दल एक वाक्य.

मत भरलेले शब्द काढून टाकावेत. केसपेपरवर हमखास सापडणारं हे वाक्य पाहा : ‘नातेवाईक अडाणी असल्याने रेफर नाकारले, डामा (वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेल्याची) सही घेतली.’ यात एकही माहिती नाही. तेच असं लिहिता येईल : ‘बांबोळीला (गोव्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) पाठवायचे ठरले. सुनेने विचारले, किती दिवस राहावे लागेल आणि सोबत किती माणसे लागतील. उत्तर कोणी दिले नाही. घरी दोन गुरे आणि शाळेत जाणारी मुलगी. रुग्ण म्हणाला, मला घरी न्या. रात्री नऊ वाजता सही करून नेले.’ दुसऱ्या नोंदीत दिसतं की अडाणीपणाचा संबंधच नव्हता. एका साध्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं होतं. बांबोळीला माणसासोबत राहायची सोय काय, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, जाण्या-येण्याला काय पडेल, हे सांगितलं असतं तर ‘नकार’ उरला असता की नाही, हे आता तपासता येतं.

प्रकरण लिहिताना अर्ध्याअधिक पेच असेच सुटतात. जो शिल्लक राहतो, त्यासाठी बैठक.

चार चौकटी

कागदाला मधोमध आडवी-उभी रेघ मारून चार चौकटी कराव्यात. ही मांडणी जॉन्सन, सीगलर आणि विन्सलेड या तिघांनी १९८० च्या दशकात रूढ केली आणि जगभर रुग्णांच्या खाटेशेजारी वापरली जाते.

वरची डावी चौकट वैद्यकीय बाजूची. निदान पक्कं आहे का, उपचाराने काय साधेल, न केल्यास काय होईल, कधीपर्यंत?

वरची उजवी चौकट रुग्णाच्या इच्छेची. तो काय म्हणतो, त्याला नीट कळलं आहे का, कळत नसेल तर त्याच्या वतीने कोण बोलणार?

खालची डावी चौकट आयुष्याच्या प्रतीची. उपचारानंतर रोजचं जगणं कसं असेल आणि ते सुसह्य आहे की नाही हे कोणाच्या नजरेतून ठरवतो आहोत?

खालची उजवी चौकट आजूबाजूच्या परिस्थितीची : पैसा, अंतर, कायदा, घरातली सत्ता, देवधर्म, दवाखान्याची सोय.

प्रत्येक चौकटीत आधी माहिती लिहायची, मत नंतर. जिथे माहिती नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि ती कोण आणणार त्याचं नाव लिहायचं. गट सहसा उजव्या खालच्या चौकटीत अडकून पडतात, कारण पैसा आणि नातेवाईक यांवर सगळ्यांनाच बोलता येतं. वरची उजवी चौकट रिकामी असताना खालची भरू द्यायची नाही, हे अध्यक्षाने पाहायचं.

टॉम बीचम आणि जेम्स चाइल्ड्रेस यांनी १९७९ मध्ये मांडलेली चार तत्त्वं, म्हणजे स्वायत्तता, हित साधणं, अहित न करणं आणि न्याय, ही पाठ असावीत. पण सुरुवात तिथून करू नये. तत्त्वांपासून सुरुवात केली की विद्यार्थी ‘इथे स्वायत्तता आणि हित यांच्यात संघर्ष आहे’ असं म्हणून थांबतात. ते फक्त प्रश्नाला नाव देणं झालं.

एक प्रकरण शेवटपर्यंत

हे प्रकरण काल्पनिक आहे, सरावासाठी जसंच्या तसं वापरावं.

बहात्तर वर्षांचे गृहस्थ, किनाऱ्यावरच्या गावात पत्नीबरोबर राहतात. दोन महिने भात गिळताना अडकतो, आता पेजही हळूहळू जाते. दुर्बिणीने तपासून तुकडा पाठवला : अन्ननलिकेचा कर्करोग. सीटी स्कॅनमध्ये यकृतातही गाठी. मुलगा गणपतीला मुंबईहून आला आहे. रिपोर्ट घेऊन तो एकटाच आत येतो आणि दार लावून म्हणतो, ‘डॉक्टरांनू, बाबांका ह्यातला कायएक सांगू नकात. ते खचतले.’ दुपारी सलाईन लावताना वडील सिस्टरला विचारतात, ‘माका नक्की काय झालाहा?’

गट बहुधा ‘सत्य सांगावं की नाही’ असा प्रश्न घेऊन बसतो. हो आणि नाही असे दोनच तट पडतात आणि संध्याकाळपर्यंत भांडण चालतं. प्रश्नच वेगळा मांडायला हवा : या माणसाला काय जाणून घ्यायचं आहे, हे त्याला कोणी, कधी आणि कसं विचारायचं?

वैद्यकीय चौकट भरली की दिसतं : यकृतात पसरल्यामुळे पूर्ण बरं होण्याची आशा नाही. पण गिळणं सुकर करता येतं. अन्ननलिकेत जाळीची नळी बसवणं किंवा थोडे दिवस किरणोपचार, दोन्हींचा पर्याय आहे. दोन्हींसाठी मोठ्या केंद्रात जावं लागेल, आणि कशासाठी जातोय हे न सांगता त्यांना नेणं जवळजवळ अशक्य आहे. कर्करोगाच्या वॉर्डात पाटी वाचता येणाऱ्या माणसापासून काय लपणार? लपवण्याचा पर्याय व्यवहारात फार दिवस टिकत नाही, हे इथे माहितीतूनच पुढे येतं. कोणाला उपदेश करावा लागत नाही.

इच्छेच्या चौकटीत एक ठोस नोंद आहे : त्यांनी स्वतः विचारलं. म्हणजे माहिती नको आहे असं गृहीत धरायला आता जागा नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ च्या सुधारणेने रुग्णहक्क सनद आली आहे, आणि आजाराविषयी माहिती मिळणं हा त्यातला हक्क रुग्णाचा आहे. पण जाणून घेण्याचा हक्क म्हणजे ऐकण्याची सक्ती नव्हे. ‘मुलाला काय ते सांगा, मला नको’ असं वडील म्हणाले तर तोही त्यांचाच निर्णय.

आता मुलाशी बोलणं. पहिलं वाक्य कायद्याचं नसावं. ‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’ हे विचारावं आणि दोन मिनिटं मधे बोलू नये. बहुतेक वेळा उत्तर येतं की ते जेवण सोडतील, जिवाचं बरंवाईट करतील किंवा आईला आवरणार नाही. ही भीती खरी असते, तिची नोंद घ्यावी. मग : ‘मी स्वतःहून रिपोर्ट त्यांच्यासमोर टाकणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. त्यांना किती जाणून घ्यायचंय ते मी आधी विचारेन. तुम्ही सोबत बसा.’ या चार वाक्यांवर बहुतेक मुलं तयार होतात, कारण अचानक काही होणार नाही याची त्यांना खात्री मिळते.

वडिलांशी बोलताना त्यांच्या बोलीत बोलावं, बसून बोलावं, पत्नीला बोलवायचं का ते त्यांनाच विचारावं. ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय झालं असेल?’ इथून सुरुवात. अनेकांना अंदाज असतोच. मग : ‘तपासण्यांची माहिती तुम्हाला हवी, की घरातल्या कोणाशी बोलू?’ हवी असेल तर एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि थांबावं. ‘कॅन्सर’ हा शब्द टाळून ‘गाठ’, ‘सूज’, ‘जखम’ म्हटलं तर गैरसमज पक्का होतो आणि पुढच्या केंद्रात तो जास्त वाईट रीतीने फुटतो. शेवटी ‘घरी गेल्यावर बाईंना काय सांगाल?’ असं विचारावं. ते स्वतःच्या शब्दांत काय सांगतात त्यावरून किती पोचलं ते कळतं.

सिस्टरचं काय? दुपारी प्रश्न तिला विचारला गेला. निदान सांगणं तिचं काम नाही, पण ‘काही नाही हो, अल्सर आहे’ म्हणणंही नाही. ‘तुम्हाला जाणून घ्यायचंय हे मी डॉक्टरांना आत्ता सांगते, ते संध्याकाळी तुमच्याशी बसून बोलतील’ हे उत्तर खरं आहे आणि पाळता येण्यासारखं आहे. ते पाळलं गेलं नाही तर मात्र नुसतं टोलवणं ठरतं.

या प्रकरणात पत्नीकडे गटाचं सहसा लक्ष जात नाही. शेवटचे महिने शुश्रूषा तीच करणार आहे आणि मुलगा अनंत चतुर्दशीनंतर मुंबईला परतणार आहे. चौथ्या चौकटीत तिचं नाव आलं नसेल तर अध्यक्षाने थांबवून विचारावं.

पर्याय आणि त्यांची पारख

निदान तीन पर्याय लिहायचे, असा नियम ठेवावा. दोनच असले की ते एकमेकांच्या विरुद्ध टोकाला जातात. तिसरा शोधताना बरेचदा वेळ, माणूस किंवा जागा बदलून वाट निघते.

प्रत्येक पर्यायाला काही प्रश्न लावावेत. हा निर्णय आणि त्याचं कारण मी रुग्णाच्या तोंडावर सांगू शकेन का? केसपेपरवर लिहू शकेन का? आणि कोकणात हमखास कामी येणारा प्रश्न : हाच रुग्ण आंबा बागायतदार नसून त्याच बागेतला नेपाळी राखणदार असता, तर मी असंच वागलो असतो का? राखणदाराची संमती मालकाच्या तोंडून घेण्याची चूक सर्रास होते. भाषा येत नसेल तर दुभाषा दुसरा कोणीतरी शोधावा, पगार देणारा माणूस नको.

निर्णय लिहिताना शेवटी एक ओळ अशी हवी : ‘या निर्णयाने काय गमावलं.’ खऱ्या पेचात काहीतरी गमावलं जातंच. ती ओळ रिकामी राहिली तर एक तर तो पेच नव्हता किंवा एक बाजू नीट ऐकलीच गेली नाही.

कायदा कितपत माहीत हवा

कायदा म्हणजे जमीन, त्याखाली जायचं नाही. पण कायद्यात बसतं म्हणून ते योग्यच ठरतं असंही नाही. गटाने एवढं तरी पक्कं करावं.

तातडीचे उपचार : १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून जीव वाचवण्याचे उपचार देणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो वा खासगी. पोलिसी सोपस्कार नंतर.

संमती : २००८ चा समीरा कोहली निकाल वाचून काढावा. तपासणीसाठी घेतलेल्या संमतीवर गर्भाशय काढलं गेलं. रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेतली होती. न्यायालयाने ती मानली नाही, कारण रुग्ण सज्ञान होती, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता. ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने यावर विचार करावा. १९७१ च्या गर्भपात कायद्यातही सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते.

अल्पवयीन गरोदर मुलगी : पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केलं की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हे माहीत नसल्यामुळे मुली भलत्या ठिकाणी जातात. आशाताईंपर्यंत ही माहिती पोचलीच पाहिजे.

एचआयव्ही : २०१७ च्या कायद्याने जोडीदाराला सांगण्याची मुभा दिली आहे, पण पायऱ्या ठरवून. जोडीदाराला खरा धोका असावा, रुग्णाला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन झालेलं असावं, तो सांगणार नाही अशी खात्री पटलेली असावी आणि ‘मी आता सांगणार आहे’ हे रुग्णाला आधी कळवलेलं असावं. सांगायचं ते समोरासमोर, समुपदेशनासह. परस्पर आशाताईकरवी निरोप पाठवणं यात बसत नाही.

आयुष्याचा शेवट : अरुणा शानबाग यांच्या प्रकरणावर एक आख्खी बैठक द्यावी. उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावरच्या हळदीपूरच्या त्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यात मेंदूला इजा होऊन त्यांची शुद्ध हरपली, १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार, त्यांना जगवणारे उपचार थांबवावेत अशी याचिका करणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांना दिला नाही, तर सांभाळणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला. आप्त म्हणजे कोण, यावर याहून चांगलं प्रकरण मिळणार नाही.

पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे पुढे शुद्ध नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली आणि २४ जानेवारी २०२३ ला प्रक्रिया सोपी झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. उपचार थांबवताना पहिल्या मंडळात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ लागतात, दुसऱ्या मंडळात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. तालुक्याच्या गावात असे तज्ज्ञ कुठून आणायचे, हा न्यायाच्या तत्त्वाचा प्रश्न आहे. शहरात मिळणारा हक्क गावात कागदावरच राहतो.

सरावासाठी आणखी दोन

फुरसं (विषारी साप). रत्नागिरी-सिंधुदुर्गात भातकापणीच्या दिवसांत हे वाट्याला येतंच. केंद्रात सर्पविषरोधक लसीच्या दहाच बाटल्या आहेत आणि दंश झालेले दोघं एकदम आले : पस्तिशीचा शेतमजूर आणि सात वर्षांची मुलगी. चर्चा लगेच ‘लहान मुलीला आधी’ इकडे जाते. अध्यक्षाने थांबवावं आणि माहिती मागावी. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं, काय झालं? मुलीचं रक्त गोठलं असेल आणि विषबाधेची इतर लक्षणं नसतील, तर तिला आत्ता लस द्यायचीच नाही, लक्ष ठेवून चाचणी पुन्हा करत राहायची. लसीची स्वतःची रिॲक्शन जीवघेणी ठरू शकते. पेच तिथेच मिटला. आता दुसरी फेरी : दोघांचंही रक्त गोठत नाही. मुलगी लहान म्हणून कमी बाटल्या, हा हिशोब चालत नाही, कारण सापाने सोडलेलं विष माणसाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. पाच-पाच वाटणं न्याय्य वाटतं, पण सुरुवातीची मात्रा साधारण आठ ते दहा बाटल्यांची आहे, तेव्हा दोघंही अर्धवट उपचारात राहू शकतात. शेजारच्या केंद्रात साठा किती, १०८ किती वेळात, वाटेत कुठे भेटता येईल, हे प्रश्न सुटल्यावर जे उरतं तो खरा पेच. त्यावर उत्तर दिल्यानंतर गटाने दवाखान्याचा साठा प्रत्यक्ष मोजावा.

कौल. आतडं अडकलेला हर्निया, पन्नाशीचा रुग्ण, शस्त्रक्रिया आजच हवी. भाऊ म्हणतात, सकाळी ग्रामदेवतेला कौल लावू, देवीने उजवा (होकाराचा) दिला तर नेऊ. इथे ‘अंधश्रद्धा’ हा शब्द पहिल्या अर्ध्या तासात कोणी उच्चारायचा नाही. वैद्यकीय चौकट सांगते की अडकलेलं आतडं काही तासांत मरू शकतं, सकाळपर्यंत थांबणं धोक्याचं. मग इच्छेची चौकट : कौल रुग्णाला हवा आहे की भावांना? रुग्णालाच हवा असेल तर तो त्याच्या श्रद्धेचा भाग आहे, त्याला किंमत आहे. तरीही विचारता येतं की गुरवांना आत्ता फोन करून तासाभरात कौल लावता येईल का, आणि तोवर १०८ ने निघता येईल का? कौल डावा आला तर काय करणार, हे मात्र निघण्याआधीच रुग्णाशी बोलून घ्यावं. साध्या, न अडकलेल्या हर्नियासाठी मात्र कौलाला आठवडा द्यायला हरकत नाही. त्याच श्रद्धेचं वजन वेळेनुसार बदलतं, हे गटाला या प्रकरणातून कळतं.

कुठे बिघडतं

बैठक कोर्ट होते. प्रकरण मांडणाऱ्याने काय चुकवलं याची उलटतपासणी सुरू झाली की पुढच्या महिन्यात कोणी प्रकरण आणत नाही. मांडणारा त्या प्रकरणाच्या वेळी ड्युटीवर असेल तर दुसऱ्याने वाचून दाखवावं.

उपमांवर चर्चा वाहून जाते. ‘माझ्या वडिलांना असं झालं असतं तर’ हे एकदा ठीक, पण रुग्ण तुमचे वडील नाहीत आणि त्यांच्या इच्छा त्यांना विचारता येतात.

‘कळत नाही त्याला’ हे फार सहज बोललं जातं. निर्णयक्षमता चार गोष्टींवर तपासावी : सांगितलेलं समजतं का, ते स्वतःला लागू आहे हे उमगतं का, पर्यायांची तुलना करता येते का, आणि निवड सांगता येते का. आपल्याला न पटणारा निर्णय घेतला म्हणून क्षमता नाही असं ठरत नाही. सकाळी गोंधळलेला म्हातारा संध्याकाळी ताप उतरल्यावर नीट बोलतो, तेव्हा थांबता येत असेल तर थांबून पुन्हा विचारावं.

आणि पाठपुरावा राहतो. सहा महिन्यांनी नोंदवही उघडून पाहावी : आपण सुचवलं ते झालं का, नसेल तर कुठे अडलं?

वाचायला काय

‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ मुंबईतून १९९३ पासून निघतं आणि इंटरनेटवर मोफत आहे. इंग्रजी जड जात असेल तर एकाने लेख वाचून मराठीत दहा मिनिटांत सांगावा. संशोधनासाठी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं पुरेत. इतिहासासाठी लांब जायला नको : मुंबईत प्लेगची लस तयार करणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी ती लस जानेवारी १८९७ मध्ये स्वतःवर घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर वापरली. तुरुंगातल्या माणसाची ‘स्वेच्छा’ किती धरायची, यावर एक बैठक सहज होते.

पहिल्या सहा बैठकांचा क्रम असा ठेवावा : सुरुवातीला अन्ननलिकेच्या कर्करोगाचं प्रकरण, मग संमती, फुरसं, कौल, शानबाग निकाल, आणि सहाव्या बैठकीला गटातल्या कोणीतरी लिहिलेलं स्वतःच्या केंद्रातलं प्रकरण. ते लिहायला तिसऱ्या महिन्यातच सांगून ठेवावं.